एम३ वर जुनी एल्मार : नळी आत ढकलण्यापूर्वी

आपला प्रश्न असा आहे : दुसऱ्या महायुद्धापूर्वीची, कॅमेऱ्यावर स्क्रूच्या आट्यांनी बसणारी एल्मार ५० मिमी एफ/३.५ ही लेन्स अ‍ॅडॅप्टर (जोडकडे) लावून लायका एम३ या फिल्म कॅमेऱ्यावर वापरली, तर तिची मिटणारी नळी आत ढकलताना ती शटरच्या पडद्याला लागेल का, तिच्या फोकसवर कितपत विसंबावे, आणि तिच्याऐवजी एफ/२ ची, म्हणजे अधिक प्रकाश घेणारी, एखादी मिटणारी लेन्स घेणे शहाणपणाचे ठरेल का.

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. एम३ मध्ये पडद्यासमोर पुरेशी मोकळी जागा असल्यामुळे ही एल्मार निर्धास्तपणे मिटता येते. सावध राहायचे ते १९७१ च्या एम५ आणि १९७३ च्या सीएल या कॅमेऱ्यांबाबत, कारण त्यांत प्रकाशमापकाचा सेल एका बारीक दांडीवर बसवलेला असून ती दांडी लेन्सच्या मागे, पडद्याच्या पुढ्यात उभी राहते. आत येणारी नळी नेमकी तिच्यावर आदळू शकते. पुढच्या एम६ मध्ये पडद्यावरील पांढऱ्या ठिपक्यावरून परतणारा प्रकाश मोजला जातो, त्यामुळे तेथे ही दांडीच नाही.

आपण पडद्याची काळजी करता आहात, परंतु या लेन्समुळे रोल वाया जातो तो बहुधा दुसऱ्याच कारणाने. लेन्सच्या मागच्या बाजूचे कडे कॅमेऱ्यातील एका छोट्या चाकाला रेटते आणि त्यावरून रेंजफाइंडरमधील (फोकस जुळवण्याच्या यंत्रणेतील) दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. हे कडे फोकसच्या आट्यांशी जोडलेले असते. बाहेर ओढायच्या नळीशी त्याचा काहीही संबंध नसतो. त्यामुळे नळी पूर्ण आत असली, अर्धवट बाहेर असली किंवा बाहेर ओढून खाचेत फिरवायची राहिली असली, तरी दृश्यदर्शकात सर्व काही यथास्थित दिसते, प्रतिमा चोख जुळतात आणि फिल्मवर मात्र धूसर चित्र उमटते. एल्मारचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) बदलण्याची खुंटी अगदी दर्शनी कड्यात, भिंगाला लागून आहे. ती नखाने सरकवताना नळीवर दाब येतो आणि नीट न अडकलेली नळी हळूच मागे सरते. म्हणून नळी सरळ बाहेर ओढावी, जाईल तेथपर्यंत फिरवावी आणि अ‍ॅपर्चर ठरवून झाल्यावर चिमटीत धरून ती आत जात नाही ना, हे एकदा पाहावे. मिटताना ती अडली तर जोर लावू नये.

आता फोकसविषयी. स्क्रूच्या कॅमेऱ्यांत माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी, तर एम मालिकेत ते २७.८ मिमी असते. अ‍ॅडॅप्टरला भरून काढायचा असतो तो हा एक मिलिमीटर. स्वस्त अ‍ॅडॅप्टर जाडीत किंचित कमीअधिक निघाला की अनंताचा फोकसच बिघडतो, आणि दोष बिचाऱ्या लेन्सच्या माथी येतो. एम३ ची मागची झडप उघडते, ही आपली मोठीच सोय आहे. शटर ‘बी’ वर (बटण दाबून ठेवेपर्यंत उघडे राहते त्या खुणेवर) उघडे धरून, फिल्मच्या रुळांवर घासलेल्या काचेचा तुकडा सपाट ठेवावा, लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला आणावी आणि दूरची एखादी इमारत अनंतावर, तसेच एक मीटरवरील छापील कागद, असे दोन्ही मोठ्या भिंगातून तपासावेत. जुन्या स्क्रूच्या कॅमेऱ्यांची पाठ उघडत नसल्याने त्यांच्या मालकांना यासाठी फिल्मच खर्ची घालावी लागते. चित्राची एकच बाजू मऊ दिसत असेल, तर नळी खोबणीत डुगडुगते आहे का ते पाहावे. वर्षानुवर्षांच्या उघडमिटीने ती सैल होते.

आकड्यांचा घोळ मात्र फारसा मनावर घेऊ नये. युद्धापूर्वीच्या एल्मारवर ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ अशी जुनी श्रेणी असते. ४.५ पासूनचा प्रत्येक आकडा आजच्या ४, ५.६, ८, ११, १६ पेक्षा सुमारे एक तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी प्रकाश देतो, आणि निगेटिव्ह फिल्मला एवढ्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो काचेवर परावर्तन रोखणारा लेप नसल्याचा. ऊन समोरून किंवा तिरपे आले की सावल्या राखाडी होतात, म्हणून हूड हवाच. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर हा मवाळपणा मला आवडतो. रंगीत फिल्मसाठी मात्र मी युद्धोत्तर, लेप असलेली प्रत शोधेन.

लेन्स हाती घेतल्यावर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून तिरपा टॉर्च मारावा. आतल्या काचांवर धुक्यासारखा थर दिसला, तर तो बहुधा साफ होतो. बुरशीने काच खाल्ली असेल, तर तो डाग जात नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ही लेन्स चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नये. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढे पुरते, फक्त जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे लागते.

एफ/२ च्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. १९३३ ची ‘सुमार’ नावाची लेन्स स्वस्तात मिळाली तरी तिचे दर्शनी भिंग इतके मऊ काचेचे आहे की चरे नसलेली प्रत क्वचितच हाती लागते. १९३९ ची सुमितार तिच्याहून सरस आहे, पण तिला नेहमीचे फिल्टर बसत नाहीत. वेग, म्हणजे जास्त प्रकाश, खरोखर हवाच असेल, तर १९५३ पासून आलेली मिटणारी सुमिक्रॉन पाहावी. तिच्या समोरच्या काचेवरील लेपही नाजूक असल्याने टॉर्चची परीक्षा तिलाही चुकत नाही, आणि ही परीक्षा करू देताना विक्रेता कां-कूं करू लागला तर व्यवहार तेथेच थांबवावा.