लग्नाची तारीख नक्की कुठली सांगायची?

मागच्या अंकात अमेरिकेच्या फॅमिली ग्रीन कार्डाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. मी वकील नाही. न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात बारा वर्षं फाइली लावल्यात आणि त्याच्या आधी स्वतः बायको म्हणून या रांगेत बसलेय, त्या अनुभवावर लिहितेय. केस गुंतागुंतीची असेल तर वकील गाठाच.

प्रश्न: ताई नमस्कार, माझा नवरा अमेरिकन सिटिझन आहे, टेक्सासला असतो. स्थळ आत्याने आणलं, तीन-चार महिने व्हिडिओ कॉलवर बोललो मग तो डिसेंबर २०२३ मध्ये आला, पसंती झाली आणि पेपर लवकर सुरू होतील म्हणून तेव्हाच घरातल्या घरात वैदिक पद्धतीने लग्न लावून रजिस्टर केलं. हॉलमधलं मोठं लग्न मे २०२४ मध्ये. सगळं मिळून आम्ही तेवीस दिवस एकत्र राहिलोय. आता मुंबई कॉन्सुलेटचा इंटरव्ह्यू आलाय पुढच्या महिन्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये. एकत्र फोटो म्हणाल तर लग्नातले आणि महाबळेश्वरचे दोन दिवसांचे. मैत्रीण म्हणते एवढ्यावर व्हिसा देत नाहीत, तिने पन्नास प्रश्नांची लिस्ट पाठवलीये ती पाठ करतेय. आणि २०१९ ला माझा टुरिस्ट व्हिसा रिजेक्ट झाला होता, ते सांगायचं का?

उत्तर: आधी ती लिस्ट बाजूला ठेव. खरंच ठेव. पाठ केलेलं उत्तर ऐकू येतं गं, आणि समोरचा ऑफिसर दिवसभर हेच ऐकत असतो. तेवीस दिवसांचं टेन्शन घेऊ नकोस, भारतातल्या इमिग्रंट व्हिसाचे बहुतेक इंटरव्ह्यू मुंबईलाच होतात आणि तिथे ठरवून झालेली लग्नं रोज समोर येतात, तेव्हा ‘लग्नाआधी फिरायला का नाही गेलात’ असं विचारणारा सहसा भेटत नाही. त्यांना बघायचं असतं ते हे की हे लग्न संसारासाठी केलंय की कार्डासाठी, आणि कागदावर जे लिहिलंय तेच तुझ्या तोंडून येतंय का.

आणि तुझ्या केसमध्ये खरी अडचण फोटोंची नाहीचे, ती तारखेची आहे. तुला विचारतील लग्न कधी झालं. तुझ्या डोक्यात लग्न म्हणजे मे, कारण मुंडावळ्या, अक्षता, पाहुणे सगळं मेमध्ये. पण नवऱ्याने तुझ्यासाठी भरलेल्या आय-१३० वर, म्हणजे नातेवाइकासाठीच्या पिटिशनवर, आणि सर्टिफिकेटवर डिसेंबर आहे. तू पटकन मे म्हणालीस की फाइलमध्ये एक आणि तोंडात एक असं होतं, मग पुढचा प्रश्न येतो, तू गडबडतेस आणि खरं असलेलं लग्न खोटं वाटायला लागतं. माझ्या डोळ्यासमोर अशा मुली रडत बाहेर आल्यात. म्हणून एका दमात दोन्ही सांगायचं, कायदेशीर लग्न आणि नोंदणी डिसेंबर २०२३ ला झाली, नातेवाइकांसाठीचा मोठा समारंभ मे २०२४ ला केला. आजच नवऱ्याकडून त्याने पाठवलेल्या आय-१३० ची पूर्ण कॉपी मागव, तू भरलेला डीएस-२६०, म्हणजे इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, शेजारी ठेव आणि एकेक तारीख, पत्ता, नोकरी ताडून बघ. पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलात ती तारीख सुद्धा. कुठे चूक सापडली तर इंटरव्ह्यूच्या सुरुवातीला आपण होऊन सांगायची.

त्या डिसेंबरच्या तारखेचा तुला एक फायदा पण आहे. अमेरिकेत पाऊल ठेवशील त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, कंडिशनल म्हणतात ते, १९८६ च्या कायद्यापासून हे आहे, आणि मग दोन वर्षांनी परत फॉर्म, परत पुरावे. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर थेट दहा वर्षांचं. म्हणजे व्हिसा नोव्हेंबरमध्ये मिळाला तरी, त्याची मुदत पुरत असेल तर, डिसेंबरमधली ती तारीख उलटल्यावरचं तिकीट काढ, आणि व्हिसावर सीआर-१ (म्हणजे कंडिशनलवाला) छापलेलं असलं तर एअरपोर्टवरच्या ऑफिसरला सर्टिफिकेट दाखवून सांग की आता दोन वर्षं झाली. सर्टिफिकेट हँडबॅगेत ठेव, नाहीतर मोठी बॅग चेक-इनला टाकशील आणि ते त्यातच जाईल.

फोटो पंधरा-वीस पुरेत, पण त्यात तुम्ही दोघंच नकोत, दोन्हीकडचे आईवडील, आत्या, भावंडं दिसू देत, मागे तारीख आणि कोण कोण ते लिही. लग्नाची पत्रिका, त्याच्या दोन्ही ट्रिपची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, मधल्या काळातले थोडे थोडे चॅट, पहिल्या महिन्याचे, सहाव्या महिन्याचे, आत्ताचे. त्याने तुला कधी पैसे पाठवले असतील, इन्शुरन्सला तुझं नाव लावलं असेल, तर ते कागद वजनदार असतात. त्याचं आय-८६४ (तुझ्या खर्चाची हमी देणारा फॉर्म) आणि टॅक्स रिटर्न नीट असायला हवेत, उत्पन्न सरकारी गरिबी रेषेच्या १२५ टक्के तरी लागतं, कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर चालतो. पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, पासपोर्ट सेवा केंद्रातून. मेडिकल त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडेच, इंटरव्ह्यूच्या आधी.

रिजेक्शनचं विचारलंस ना, तर हो, सांगायचं. २०१९ चा नकार त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहेच आणि टुरिस्ट व्हिसा नाकारला गेला म्हणून बायकोचा व्हिसा अडत नाही. लपवला तर मात्र तो वेगळा गुन्हा धरतात, खोटी माहिती म्हणून कायमची बंदी येऊ शकते. डीएस-२६० मध्ये ‘नाही’ टिक केलं असशील तर आत्ताच दुरुस्त करून घे.

माझं स्वतःचं सांगते. आमचा इंटरव्ह्यू अमेरिकेतच झाला, दोघं शेजारी बसून, आणि विचारलं लग्नाला किती माणसं होती. नवरा म्हणाला दोनशे, मी म्हणाले सहाशे. क्षणभर पोटात गोळा आला. मग मी सांगितलं की दोनशे हॉलमधले आणि बाकीचे दुसऱ्या दिवशीच्या गावजेवणाला, यांनी फक्त हॉल धरला. ऑफिसरने लिहून घेतलं आणि पुढे गेला. संशय जास्त असला तर नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोलीत बसवून तेच प्रश्न विचारतात, न्यूयॉर्कच्या १९७० च्या दशकातल्या एका केसवरून त्याला स्टोक्स इंटरव्ह्यू म्हणतात, पण तिथेही आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेच उत्तर. अंदाजाने सांगायला जाऊ नये.

प्रश्न: माझ्या जन्मदाखल्यावर नाव नाहीये, नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय. लग्नात सासरी नाव बदललं, पासपोर्ट नव्या नावाचा, दहावीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं. सगळे कागद बदलून घेऊ का?

उत्तर: नाही, दहावीचं आहे तसं राहू दे. फॉर्मवर ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो तिथे माहेरचं नाव, सासरचं नाव, स्पेलिंगचे फरक, सगळं लिहा, आणि मॅरेज सर्टिफिकेट हा दोन नावांमधला दुवा. जन्मदाखला मात्र तसा चालायचा नाही, जिथे नोंद आहे त्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव लावून नवीन प्रत घ्या. आणि हे आधी करा, कारण त्याला किती हेलपाटे पडतील ते सांगता येत नाही. ज्यांची नोंदच सापडत नाही त्यांनी तसा नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा आणि आईवडील किंवा जवळच्या ज्येष्ठ नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची.

प्रश्न: मुलगा सिटिझन झाला, त्याने आम्हा दोघांचं पिटिशन टाकलंय. आमच्याकडे दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहेच. फेब्रुवारीत सुनेचं बाळंतपण आहे. मुलाचा मित्र म्हणतो सरळ टुरिस्टवर या आणि तिथेच कार्डाचा अर्ज भरा, मुंबईची कटकट वाचेल. धाकटी मुलगी २४ वर्षांची, लग्न व्हायचंय, ती आमच्याबरोबर येऊ शकेल ना?

उत्तर: काका, मुलीचं आधी सांगते कारण ते ऐकून वाईट वाटणार आहे. नाही येऊ शकणार. सिटिझनच्या आईवडिलांची कॅटेगरी फक्त त्या आईवडिलांची असते, तिला जोडून कोणी येत नाही, म्हणून तर तुमचं आणि काकूंचं आय-१३० पण वेगवेगळं असतं. एकच टाकलं असेल तर मुलाला आत्ताच विचारा, एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन फी ६२५ डॉलर आहे, कागदी ६७५, प्रत्येकाची वेगळी.

आता टुरिस्टचं. पिटिशन टाकलं म्हणून व्हिसा आपोआप रद्द होत नाही. बाळंतपणाला जायचं, तीन-चार महिने राहून परत यायचं असा खरंच बेत असेल तर जाता येतं, परतीचं तिकीट जवळ ठेवा आणि एअरपोर्टवर विचारलं तर पिटिशन आहे हे सरळ सांगा, आत सोडायचं की नाही हे शेवटी त्या ऑफिसरच्या हातात असतं. पण मनात राहायचंच आहे आणि तोंडाने फिरायला आलोय म्हणायचं, हे करू नका. ‘मुंबईची कटकट’ वाचवायला सत्तरीत खोटं बोलल्याचा शिक्का कशाला लावून घ्यायचा? तो शिक्का धुवून काढणं फार अवघड असतं. मुलाच्या मित्राला काही होणार नाही, कागदावर सही तुमची असते.

आणि न विचारलेलं एक बोलते, रागावू नका. तुम्हाला तिथे राहायचंय ना नक्की? ग्रीन कार्ड हे तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. वर्षातले नऊ-दहा महिने इथे आणि नातवाला बघायला दोन महिने तिथे असं केलं की एअरपोर्टवर प्रश्न सुरू होतात, सलग वर्षाच्या वर बाहेर राहिलात तर कार्डच धोक्यात येतं, जायच्या आधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत यायचा परवाना, काढावं लागतं. मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, पण ६५ च्या पुढच्या नव्या कार्डधारकाला साधारणपणे सलग पाच वर्षं तिथे राहिल्याशिवाय विकत सुद्धा मिळत नाही, तोपर्यंतचा दवाखाना मुलाच्या खिशातून. फक्त भेटायला जायचं असेल तर तुमचा दहा वर्षांचा व्हिसा उत्तम आहे. काकूंशी बोला, नुसतं मुलाशी नको.

प्रश्न: बहीण सिटिझन आहे, ती माझं पिटिशन टाकते म्हणतेय. मी ३९ चा, मुलं ११ आणि ८. दोन-तीन वर्षांत होईल का, त्या हिशोबाने फ्लॅट विकायचा विचार आहे.

उत्तर: फ्लॅट विकू नका. भावा-बहिणींची एफ-४ कॅटेगरी आहे, २०२५ मध्ये भारतासाठी त्यात २००६ साली टाकलेल्या अर्जांचा नंबर लागत होता. टाकायचं तर टाका, पण मुलं तोपर्यंत २१ च्या पुढे जातील आणि बहुतेक गळतील. २००२ च्या कायद्याने पिटिशन मंजूर व्हायला लागलेला काळ वयातून वजा होतो, पुढे रांगेत घालवलेली वर्षं वजा होत नाहीत. मुलांच्या शिक्षणाचं जे ठरवायचं ते ही गोष्ट नाहीच असं समजून ठरवा.

प्रश्न: ताई, नाव छापू नका. नवरा सिटिझन, माझं दोन वर्षांचं कार्ड आहे, सात महिन्यांनी संपतंय. काही झालं की म्हणतो मी सही करणार नाही, तुला परत पाठवतो. दोनदा हात उचललाय. पासपोर्ट त्याच्या कपाटात. घरी सांगितलं तर आई म्हणते कार्ड पक्कं होईपर्यंत सहन कर.

उत्तर: तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तो तुला परत पाठवू शकत नाही. हे परत वाच. कार्ड त्याने दिलेलं नाही, अमेरिकन सरकारने दिलंय आणि ते काढून घ्यायचा अधिकार त्याला नाही. कंडिशन काढायचा आय-७५१ फॉर्म एरवी दोघांच्या सहीने जातो, पण मारहाण किंवा छळ असेल तर बायको एकटी भरू शकते, त्याला न सांगता, आणि शेवटच्या तीन महिन्यांची वाट पण बघावी लागत नाही. त्यासाठी आधी घटस्फोट झालेला असायला हवा असंही नाही. फक्त दाखवावं लागतं की लग्न तू खऱ्या मनाने केलं होतंस, आणि छळ झाला. तुझी माहिती इमिग्रेशनवाले त्याला देत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. ज्या आय-८६४ वर सही करून त्याने तुझ्या खर्चाची हमी दिलीये ती घटस्फोटाने सुद्धा संपत नाही, हे वकिलाला मुद्दाम विचार.

आईला दोष देऊ नकोस, तिला हे नियम कुणी सांगितलेले नाहीत. हे उत्तर तिला वाचायला दे.

आता काय करायचं. नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइन, १-८००-७९९-७२३३, चोवीस तास, दुभाषा मागता येतो. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून आपल्याकडच्या बायकांसाठीच काम करतायत, तिथे तुला सून, सासर, लोक काय म्हणतील हे समजावून सांगत बसावं लागणार नाही. फोन त्याच्या प्लॅनवर असेल तर मैत्रिणीच्या किंवा लायब्ररीतल्या फोनवरून कर. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो, मॅरेज सर्टिफिकेट, दोघांच्या नावाचं भाड्याचं अॅग्रीमेंट, बँकेचे कागद, जखमांचे फोटो तारखेसकट, त्याचे धमकीचे मेसेज, सगळं त्याला माहीत नसलेल्या नव्या ईमेलवर पाठवून फोनवरून काढून टाक. मूळ कागद आणायला एकटी त्या कपाटाशी जाऊ नकोस, पासपोर्ट हरवला तर वकिलातीतून नवा मिळतो. हात उचलला तर ९११, पोलिसांचा रिपोर्ट पुढे पुरावा म्हणून पण लागतो.

वाचून झालं की हे पान फाडून टाक, घरात ठेवू नकोस, आणि नंबर फक्त डोक्यात ठेव. त्या फोननंतर मला एक ओळ लिही, मी वाट बघतेय.