सान होसेत पहिला सामना बघायला जाताय?

कोस्टा रिकात फुटबॉल लीगचे वर्षाला दोन हंगाम असतात, त्यामुळे सामना बहुतेक वेळा मिळतोच. पण साप्रिसा विरुद्ध अलाहुएलेन्से या 'क्लासिको'ने, म्हणजे दोन कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांच्या लढतीने, सुरुवात करू नका. तिकिटं लवकर संपतात. आधी एखादा साधा सामना बघा.

तिकीट काढताना 'सोंब्रा' म्हणजे सावलीची बाजू घ्या. 'सोल' स्वस्त पडतं, पण दुपारचा सामना असेल तर ऊन थेट डोळ्यांत येतं. गोलमागच्या गॅलरीत कट्टर समर्थक उभेच असतात, तिथे बसून सामना बघायची आशा सोडा. कपड्यांचंही भान ठेवा: जांभळा साप्रिसाचा, लाल-काळा अलाहुएलेन्सेचा. सरळ पांढरा टी-शर्ट बरा.

मे ते नोव्हेंबर दुपारनंतर पाऊस येतो, सकाळच्या निरभ्र आभाळावर जाऊ नका. छत्रीमुळे मागच्यांना दिसत नाही आणि गेटवर ती अडवलीही जाऊ शकते. पातळ रेनकोट खिशात ठेवा.

खरा घोळ पत्त्यांत होतो. 'चर्चपासून 200 मीटर उत्तरेला, 50 पश्चिमेला' असा पत्ता मिळेल. इथे 100 मीटर म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, प्रत्यक्ष अंतर कितीही असो. म्हणजे दोन चौक उत्तरेला, मग अर्धा पश्चिमेला. फोनवर मीटर मोजत बसलात तर चुकाल. कधी कधी खुणेची इमारत केव्हाच पाडलेली असते, तरी पत्ता तिच्याच नावाने चालतो! टॅक्सी लाल, दारावर पिवळा त्रिकोण असलेलीच घ्या आणि बसताच 'मारिया', म्हणजे मीटर, सुरू करायला सांगा.

जेवण आधीच एखाद्या 'सोदा'त, म्हणजे छोट्या खानावळीत, उरका. भात, राजमा, कोशिंबीर, तळलेलं केळं असं 'कासादो'चं ताट स्वस्तात पोटभर होतं.