‘फॉर लव्हिंग यू’ म्हणजे ‘प्रेमासाठी’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: जोन जेट यांच्या ‘आय हेट मायसेल्फ फॉर लव्हिंग यू’ या रॉक गाण्याचा अर्थ ‘तुझ्या प्रेमासाठी मी स्वतःचा द्वेष करते’ असा घ्यायचा का? आणि त्यातल्या ‘अपटाइट’ आणि ‘हँगिंग’चं काय करायचं?

अर्थ तसा घेऊ नये. ‘प्रेमासाठी’ म्हटलं की प्रेम मिळावं म्हणून, असं वाटतं. इथे प्रेम होऊन बसलं आहे आणि तेच चिडण्याचं कारण आहे. कारण सांगायला मराठीत ‘म्हणून’ आहे, ‘बद्दल’ आहे. हल्ली ‘शौर्यासाठी पुरस्कार’ सर्रास छापतात, तिथेही मला ‘शौर्याबद्दल’च हवं असतं.

‘द्वेष’ही जमत नाही. आपण द्वेष करतो तो दुसऱ्याचा. स्वतःबद्दल बोलताना मराठी माणूस ‘मला माझाच राग येतो’ म्हणतो, राग करत नाही, तो येतो. गाण्यातल्या बाईचंही तेच झालं आहे, तिच्या हातात काही उरलेलं नाही. म्हणून मी म्हणेन: ‘तुझ्यावर जीव जडला म्हणून माझी मलाच चीड येते.’

प्रसंग साधा आहे. त्याने भेटायचं कबूल केलं होतं. मध्यरात्र उलटली, पावणेदोन वाजले, तो आला नाही. शिवाय तो इतर कुणाबरोबर फिरतो अशी गावभर कुजबुज. ‘हँगिंग’ला आपल्याकडे तयार शब्द आहे: जीव टांगणीला लागलाय. तिथेही टांगणं, इथेही टांगणं! ‘अपटाइट’ म्हणजे इथे अस्वस्थ होऊन डोकं तापणं. हा शब्द मात्र जपून वाचावा, कारण स्टीव्ही वंडर यांच्या 1965 च्या गाण्यात तोच ‘सगळं छान चाललंय’ अशा अर्थाने येतो.

गाणं 1988 चं, जेट आणि डेस्मंड चाइल्ड यांनी मिळून लिहिलेलं. त्यातली बंडखोरी कुठे आहे? ती त्याला शिव्या देत नाही, रडतही बसत नाही. करकरीत गिटारच्या जोरावर ती उघड सांगते की त्याने मन नेलं आणि वर ‘प्राइड’ही नेला. हा प्राइड म्हणजे गर्व नव्हे, मान. चारचौघांत हसं होणं तिला जास्त लागलं आहे.

आपल्या साहित्यशास्त्रातल्या अष्टनायिकांमध्ये, म्हणजे प्रेमातल्या अवस्थेवरून केलेल्या नायिकांच्या आठ प्रकारांमध्ये, ती खंडिता वाटेल, पण खंडितेचा प्रियकर रात्र दुसरीकडे काढून सकाळी तरी दारात येतो. इथे तो येतच नाही. संकेतस्थळी वाट पाहून फसलेली ती विप्रलब्धा. जुन्या चित्रांत ती अंगावरचे दागिने काढून फेकताना दिसते.