आठवडाभराच्या विमानप्रवासाला इन्सुलिन आणि बाकीचं सामान कसं न्यावं?

सगळ्यात आधी: इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका. बॅग हरवते ते एक, पण सामानाच्या कप्प्यात ते गोठूही शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं. हातातल्या बॅगेत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

न उघडलेलं इन्सुलिनचं पेन (इन्सुलिन टोचायचं पेनासारखं साधन) २ ते ८ अंशांत राहायला हवं. वापरातलं पेन बहुतेक वेळा ३० अंशांखाली साधारण २८ दिवस चालतं. नक्की मुदत खोक्यातल्या कागदावर बघा. बर्फाच्या पाकिटाला पेन थेट टेकवू नका, मध्ये छोटा नॅपकिन गुंडाळा. पाण्यात भिजवून वापरायची थंड पाऊच मिळते, वापरातल्या पेनसाठी मला तीच बरी वाटते, फ्रीज शोधत फिरावं लागत नाही. उन्हात उभ्या गाडीत मात्र काहीच ठेवू नका.

सामान लागेल त्याच्या दुप्पट घ्या आणि दोन बॅगांत वाटा. मी एकदा सुया भरपूर नेल्या आणि ग्लुकोमीटरची बॅटरी विसरलो! साखर तपासायच्या पट्ट्या त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट लावून. दमट हवेने रीडिंग चुकतं.

ग्लुकोजच्या गोळ्या खिशात हव्यात, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नव्हे. रक्तातली साखर ७० mg/dLच्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली पुरते.

वेळेचा फरक मोठा असेल तर डोसच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.