गोव्यात रहदारी टाळायची तर फेरीचा धक्का गाठा

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात तुम्ही दोघं नवरा-बायको पुण्याहून रोड बाईक घेऊन तीन दिवस येताय, घाट नको, ट्रक नकोत, किनाऱ्याची गर्दी नको, जुनी गावं हवीत, आणि असं काही गोव्यात उरलंय का.

उरलंय. मी माशेलचा. इथल्या रस्त्यांवर 18 वर्षं सायकल चालवतोय, म्हणून खात्रीनं सांगतो. फक्त ते म्हापसा, कळंगुट, मडगाव या पट्ट्यात शोधू नका. नकाशा उघडा आणि जिथे नदीवर पूल नाही, फेरीबोट आहे, अशा जागा बघा. जो रस्ता फेरीच्या धक्क्यावर जाऊन संपतो त्यावर घाईतला माणूस येतच नाही. येतो तो गावचा माणूस, आणि तो तुम्हाला हॉर्न मारत नाही, "खंयच्यान आयले?" म्हणजे कुठून आलात, म्हणून विचारतो.

पहिल्या दिवसासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: पणजी, रायबंदर, चोडण, मये, नार्वे, दिवाडी, जुने गोवे आणि परत पणजी. सगळं मिळून 35 ते 40 किलोमीटर, तीन वेळा फेरीबोट. थांबत थांबत केलं तर दुपारच्या जेवणाला परत.

पणजीहून सकाळी सहाला निघा. रायबंदरला जाणारा खारफुटी आणि मिठागरांमधला सरळसोट रस्ता पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये बांधलेला आहे. पूर्ण सपाट, पण दिवस वर आला की तिथे गाड्यांची रांग लागते, म्हणून तो उजाडतानाच उरकायचा. रायबंदरच्या धक्क्यावर समोरून येणारी बोट कामाच्या दिवशी स्कूटरवाल्यांनी भरलेली दिसते. ती चोडणची नोकरदार मंडळी. तुम्ही उलट दिशेनं जाताय, तुमच्या बोटीत जागाच जागा असते. सायकलीचे पैसे माझ्याकडे आजवर कोणी मागितलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र पाळाच. फेरीची लोखंडी फळी धक्क्याला टेकते तिथे पाणी, शेवाळ आणि डिझेल यांचा थर असतो. सायकलवरून उतरून, हातात धरून चढा आणि तसंच उतरा. एका जुलैत मी न उतरता चढायला गेलो आणि ढोपराला 5 टाके पडले. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे बूट असतील तर जास्तच जपून.

चोडण बेटावर उतरलात की डाव्या अंगाला सलीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरची खारफुटी आहे, पण चिखलावरचे निवटे आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे बघायला आत जावं लागत नाही, रस्त्याच्या कडेलाही दिसतात. पुढचा रस्ता गावातून जातो. जांभ्याच्या पायऱ्यांची, बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) असलेली जुनी घरं, मध्ये भातशेती, पुन्हा घरं. इथे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला भेटतो. मागच्या कॅरियरला दोरीनं आवळलेली मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी फुग्याचा भोंपू. एक पाय जमिनीला टेकवून तो सायकल तोलतो, प्लास्टिकचा कोपरा उचलतो आणि न बघता नेमकी पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, काढून देतो. कोंड्याचा गरम वास येतो. तिथेच उभ्यानं एक खा. आणि वाट चुकलात तर त्यालाच विचारा. जड टोपली घेऊन तो रोज गाव फिरतो, त्यामुळे कुठली वाट बिनचढाची आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. मला चोडणच्या निम्म्या वाटा पोदेरांनी दाखवल्या आहेत.

आता खाजनाबद्दल थोडं सविस्तर, कारण तुम्ही "सपाट" म्हणालात आणि गोव्यातली सपाट जमीन म्हणजे बहुतेक खाजन. खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली ही शेती, शेकडो वर्षं गावकऱ्यांनी सांभाळलेली. खारं पाणी सोसणारा कोरगुट भात इथलाच. रस्त्यालगत बांधाला जिथे दगडी चौकट आणि लाकडी झडपा दिसतील ती मानस. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं झडपा आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणसानं हात लावायचा नाही, चंद्रानं काम करायचं. ओहोटीच्या वेळी पोचलात तर दहा मिनिटं थांबा. तोंडाशी लावलेलं जाळं हलताना दिसतं, बगळे रांगेनं बसलेले असतात, आणि झडपेच्या फटीतून पाण्याचा सुरुवातीला बारीक आणि मग मोठा होत जाणारा आवाज येतो. मी माणसांना गोवा दाखवतो तेव्हा आधी मानस दाखवतो, चर्च आणि देवळं नंतर. मात्र मातीच्या बांधावर रोड बाईक घालू नका. चाक रुततं, आणि बांध खचला तर नुकसान शेतकऱ्याचं. डांबराचे रस्ते पुरेसे आहेत.

चोडणहून मयेकडे जाताना तुम्ही आमच्या देवाच्या वाटेनं जात असता. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बेटांवरची देवळं पाडायला घेतली तेव्हा तो आधी मयेला आणि मग माशेलला आला. मी लहानपणापासून हे ऐकत आलो होतो, पण चोडण ते मये सायकलनं गेल्यावर मला ते अंतर पायांना कळलं. मयेच्या बाजूला थोडे चढउतार आहेत, मोठे नाहीत. कामाच्या दिवशी डिचोली भागात खनिजाचे ट्रक लागू शकतात, म्हणून ही सायकलफेरी रविवारी ठेवा.

नार्वेला सप्तकोटेश्वर. हे कदंब राजांचं दैवत, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव असायचं. त्याचं मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं. तिथलं मोडलं, देव नदी ओलांडून या काठावर आला आणि गावाला नावही तिकडचंच लागलं. इकडे तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख तिथे आहे. दीपमाळेच्या सावलीत बसून पाणी प्या, बूट काढून आत जाऊन या, मग धक्क्यावर चला. इथून नदी बघा. केवढीशी आहे! एका काठावर देव पाडले जात होते आणि दुसऱ्या काठावर पूजा चालू होती, आणि मध्ये एवढंच पाणी. तेच पाणी तुम्ही काही मिनिटांत पार करता. मी हे कितीतरी वेळा केलंय, प्रत्येक वेळी त्या बोटीत माझं बोलणं थांबतं.

या धक्क्यावर बोट रायबंदरसारखी लगोलग मिळत नाही. पलीकडे गेलेली असेल तर ती परत येईपर्यंत बसायचं, चिडायचं नाही.

दिवाडीला आजही रस्त्याचा पूल नाही, आणि सायकल चालवायला गोव्यात माझ्या मते याहून चांगली जागा नाही. शेतातून जाणारा रस्ता, दोन्हीकडे पाणथळ, मालार गाव, टेकडीवर पिएदाद आणि तिथलं चर्च. टेकडीचा चढ छोटा पण खडा आहे. तुमच्या पत्नीला नको असेल तर खालूनच जुने गोवेच्या धक्क्याकडे वळता येतं, पण वरून मांडवी आणि पलीकडचे जुने गोवेचे मनोरे एका नजरेत दिसतात, तेव्हा सायकल हातात धरून का होईना, जा. गावात शिरलात की वेग कमी ठेवा. कुत्री असतात, रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं, ओसरीवर म्हातारी माणसं बसलेली असतात. हात वर करून "देव बरें करूं" (देव भलं करो) म्हटलं तर दिवसभर आठवण राहील असं हसू मिळतं.

जुने गोवेला उतरलात की धक्क्यावरून वर येणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. नवा व्हाइसरॉय नदीनं यायचा आणि याच कमानीतून शहरात शिरायचा. तुम्हीही नदीकडून येताय, म्हणून ही सायकलफेरी मी सांगितलेल्या दिशेनंच करा. फक्त 3 डिसेंबरला आणि त्याआधीचे आठ-दहा दिवस इकडे येऊ नका. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला इथे पाय ठेवायला जागा नसते.

दुसरा दिवस दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात. चांदर, कुडतरी, राशोल, लोटली. सायकली गाडीतून चांदरला न्या, मडगावातून चालवत जाण्यात काही अर्थ नाही. चांदर ही कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर. आज तिथे मिनेझिस ब्रागांझा घराण्याचं लांबच लांब घर उभं आहे. कुडतरीत तळी आणि भातशेती, अगदी निवांत. राशोलला सेमिनरी आणि किल्ल्याची उरलेली वेस. 1616 साली मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या गेल्या त्या याच गावात, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितोय. लोटलीकडे जाताना थोडा चढ लागतो.

लोटलीहून दोन पर्याय. दमला असाल तर मागे फिरा. दम असेल तर रासईच्या धक्क्यावर जाऊन फेरीनं जुवारी ओलांडा, पलीकडे दुर्भाट, आणि तिथून बांदिवड्याचा रामनाथ. हा रामनाथ मूळचा लोटलीचा, म्हणजे पुन्हा तीच गोष्ट, देव नदीपलीकडे गेला आणि तुम्ही त्याच्या मागोमाग. ही फेरीबोट चालू आहे का हे लोटलीत विचारूनच खाली उतरा, नाहीतर तो उतार परत चढावा लागेल.

तिसरा दिवस मोकळा ठेवा. माझा अनुभव असा की दिवाडीला एकदा जाऊन आलेली माणसं तिसऱ्या दिवशी पुन्हा दिवाडीलाच जातात.

सायकलीबद्दल: 28 मिलिमीटर रुंदीचे टायर असतील तर उत्तम, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, कारण गावोगाव गतिरोधक आहेत आणि बरेचसे रंगवलेले नसतात. डिसेंबरात पहाट गार असली तरी दहानंतर घाम निथळतो, दोन-दोन बाटल्या घ्या. जास्तीची ट्यूब आणि पंप सोबत हवाच, बेटांवर रोड बाईकची ट्यूब मिळणार नाही. नाश्ता पातळ भाजी, पाव आणि बन्स, कुठल्याही गावच्या चहाच्या हॉटेलात. ट्रेननं येणार असाल तर करमळीला उतरा, स्टेशन जुने गोवेच्या अगदी जवळ आहे.

तारीख नक्की झाली की इथेच कळवा. रविवार असेल तर मी माशेलहून नार्वेच्या देवळापाशी येतो आणि दिवाडी पार करेपर्यंत तुमच्याबरोबर चालवतो.