वाचकांचे प्रश्न : कात्री लागण्याआधी

कापड, लोकर आणि शिवणसाहित्याच्या दुकानांत आलेल्या अनुभवांविषयी गेल्या महिन्यात आम्ही पत्रे मागवली होती. खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या वाचकांनी लिहिले. त्यांतील पाच पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : गणपतीच्या आधी मी बेळगावातील एका दुकानातून पाच मीटर लाल सुती कापड घेतले. रंग जाणार नाही आणि कापड आटणार नाही, असे दुकानदाराने दोनदा सांगितले. मुलीचे दोन कुडते शिवले. पहिल्याच धुण्यात बादलीभर पाणी लाल झाले, पांढरी ओढणी खराब झाली आणि कुडत्यांची लांबीही कमी झाली. दुकानात गेले तेव्हा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवण्यात आले : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कापलेले कापड कोणी परत घेते का, असेही विचारले गेले. माझ्याकडे छापील बिल नाही, आकडेमोड केलेली चिठ्ठी आहे. मी काही करू शकते का?
— एक वाचिका, खानापूर तालुका

उत्तर : आपण करू शकता, आणि करावे असे मला वाटते. मात्र आपल्या तक्रारीत दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच मांडाव्या लागतील.

सुती कापडाचे आटणे हा दरवेळी दोष नसतो. मागावर ताणा, म्हणजे लांबीचे धागे, ओढून धरलेला असतो, पहिल्या पाण्यात तो सैल होतो, म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटते. याच कारणाने जाणत्या शिंपिणी सुती कापड एक रात्र पाण्यात घालून, वाळवून, मगच बेततात. परंतु ‘आटणार नाही’ असे सांगून कापड विकले असेल, तर प्रश्न कापडाच्या स्वभावाचा राहत नाही, दिलेल्या शब्दाचा होतो. रंगाचे तसे नाही. पहिल्या धुण्यात थोडी लाली पाण्यात उतरणे समजू शकते, पण शेजारचे वस्त्र कायमचे रंगवणारे कापड सदोष आहे. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग बसतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. सैल राहिलेला रंग मिठाने पक्का होत नाही, हे आपण स्वतः पाहिलेच असेल.

आता पाटीविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल परत घेण्यास आणि पैसे परत देण्यास बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणे ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. भिंतीवर पाटी लावल्याने हे बदलत नाही. बिल न देणे हीदेखील त्याच व्याख्येत येते, त्यामुळे बिल नसण्याचा दोष आपल्या माथी मारून घेऊ नका. चिठ्ठी जपून ठेवा, आणि पैसे मोबाइलवरून दिले असतील तर ती नोंदही ठेवा.

कापड कापले आहे हे खरे, पण धुतल्याशिवाय रंग कळणार नव्हता आणि शिवल्याशिवाय ते वापरात येणार नव्हते. दोष जर वापरल्यावरच दिसणारा असेल, तर वापरले म्हणून हक्क गेला असे म्हणता येत नाही. कुडत्यांतून उरलेले तुकडे असतील तर ते न धुता ठेवा. तपासणीवाचून दोष ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तेव्हा तो वीतभर तुकडाच आपली बाजू मांडेल.

पहिले पाऊल मात्र आयोगाचे नको. दुकानदाराला चार ओळींचे पत्र लिहा. खरेदीची तारीख, त्याने उच्चारलेले शब्द, काय झाले आणि आपण काय मागता, एवढे त्यात असावे. पोच घ्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. तरीही काही झाले नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. मालासाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील नेमण्याचीही सक्ती नाही.

हे सारे लिहिताना एक खंत मनात आहे. २०२३च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे आपल्याकडच्या स्त्रियांना सरकारी बसचे तिकीट पडत नाही. तरीही खानापूरच्या आतल्या गावातून दुसऱ्यांदा बेळगावला येणे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे असते. कापलेले कापड परत घेतात का, असे विचारणाऱ्याला हा दिवस दिसलेला नसतो.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. मुलाच्या लग्नाचा बस्ता कोल्हापूरला बांधला. नऊवारी साड्यांपैकी दोन साड्या घरी मोजल्या तर आखूड निघाल्या. दुकानदार फोन उचलत नाही. दुसऱ्या राज्यातल्या दुकानाविरुद्ध तक्रार करायची तर कोल्हापूरच्या फेऱ्या माराव्या लागतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा २०१९च्या कायद्याने दिली आहे. निपाणी बेळगाव जिल्ह्यात आहे, म्हणून आपली तक्रार बेळगावला चालेल. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. सीमेच्या या भागात आपले सोयरे एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात असते, म्हणून ही तरतूद प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी.

तक्रार लिहिण्याआधी एक मोजमाप पुन्हा करा. नऊवार म्हणजे नऊ मीटर नव्हे. एक वार ०.९१४४ मीटरचा, म्हणून नऊ वार होतात सुमारे ८.२३ मीटर. आपल्या साड्या याहूनही आखूड असतील तर तक्रार पक्की आहे. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, तरी बोलण्यात वार टिकून राहिला आणि या दोहोंच्या मध्ये पुष्कळ कापड हरवते. पाच मीटर म्हणून पैसे घेऊन पाच वार दिले, तर गिऱ्हाइकाचे सुमारे ४३ सेंटिमीटर कापड जाते. म्हणजे एका ब्लाउजचे जवळजवळ निम्मे कापड गेले. सुटे कापड घेताना बिलावर ‘मीटर’ लिहून घ्यावे. दुकानातील मोजपट्टीवर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, तो पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि तो पाहण्यात कोणाचा अपमान नाही.

प्रश्न : नातवासाठी स्वेटर विणायला घेतला. दोन गुंडे कमी पडले. त्याच दुकानातून, त्याच रंगाचे, त्याच कंपनीचे आणले, तरी बाही वेगळीच दिसते. दुकानदाराने फसवले का?
— एक आजी, शहापूर, बेळगाव

उत्तर : बहुधा नाही, आजी. लोकर मोठ्या भांड्यांतून घाणी-घाणीने रंगवली जाते आणि प्रत्येक घाणीची छटा किंचित निराळी उतरते. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी त्या घाणीचा क्रमांक, म्हणजे लॉट नंबर, छापलेला असतो. स्वेटर पुरा होईल एवढे गुंडे एकाच लॉटचे घ्यावेत आणि वर एक जादा घ्यावा. पट्टी शाबूत असलेला उरलेला गुंडा परत घेण्याचे दुकानदाराने आधीच कबूल केले, तर उत्तम. हे त्याने आपल्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, एवढी चूक मी त्याच्या पदरी घालीन. आता नव्या गुंड्यांची लोकर दोन्ही बाह्यांच्या कडांना आणि गळ्याला वापरा, म्हणजे फरक नक्षीसारखा दिसेल.

प्रश्न : माझ्या आईचे वय सत्तर आहे. तिला मराठीच येते. बाजारातील एका नव्या मोठ्या दालनात कापड दाखवणारी मुलगी फक्त कन्नड बोलणारी होती. आईने दोन-तीन वेळा काही विचारले, मुलीने मान फिरवली, आणि आई काही न घेता परतली. तिला फार लागले. अशा वेळी काय करावे?
— एक वाचिका, अनगोळ, बेळगाव

उत्तर : आपल्या आईला लागले, हे मी समजू शकते. आयुष्यभर ज्या बाजारात तिने आपल्या भाषेत घासाघीस केली, तेथेच तिला परकी ठरवले गेले. दालनाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहून हे कळवा. मराठी समजणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक मजल्यावर असावी, ही मागणी व्यापाराच्या हिताचीच आहे.

त्या मुलीविषयीही दोन शब्द लिहिते. ती कदाचित गोकाक किंवा सौंदत्तीकडून आलेली असेल, तिला मराठी येत नसेल आणि चुकीचे उत्तर देण्यापेक्षा मान फिरवणे तिला सोपे वाटले असेल. मान फिरवणे चूकच आहे. परंतु न समजणे आणि न जुमानणे यांत अंतर आहे, आणि आपले पत्र न जुमानण्याविषयी असावे.

मी शिवणवर्ग चालवत असताना खडे बाजारात आणि गणपत गल्लीत मुलींना सोबत नेत असे. तेथे एकाच गादीवर मराठी, कन्नड, हिंदी आणि कोंकणी चालत असे. मराठी मुलींना मी चार कन्नड शब्द शिकवीत असे आणि कन्नड मुलींना चार मराठी. बट्टे म्हणजे कापड, अगल म्हणजे पन्हा (कापडाची रुंदी), बण्ण म्हणजे रंग, अळते म्हणजे माप. हत्ती म्हणजे कापूस, हे कळल्यावर आमच्या मुली प्रथम चमकत आणि मग तो शब्द कधीच विसरत नसत. पलीकडच्या माणसाच्या भाषेतील एक शब्द उच्चारला, की तो ताका खाली काढायला हात लवकर उचलतो, असा माझा अनुभव आहे. हे आईने करावे असा आग्रह नाही, त्यांचे वय शिकण्याचे राहिलेले नाही. पण आपण सोबत जाल तेव्हा करून पाहा.

प्रश्न : मी चिकोडीकडचा, वडिलांचे कापडाचे दुकान चालवतो. गिऱ्हाईक चाळीस साड्या उलगडायला लावते, फोटो काढते आणि घरी जाऊन मोबाइलवरून मागवते. काही जण इरकल म्हणून यंत्रमागाची साडी स्वस्तात आणतात आणि मला महाग म्हणतात. आम्ही सेवा द्यायची तरी किती?
— एक दुकानदार

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. उलगडलेल्या चाळीस साड्या घड्या घालून पुन्हा फळीवर लावण्यात जाणारी संध्याकाळ मी पाहिलेली आहे. घेण्याचा विचार नसताना ताके उतरवायला लावू नयेत, ही गोष्ट वाचकांनीही मनावर घ्यावी.

तरी आपल्याजवळ जे आहे, ते मोबाइलवर मिळत नाही. साडी उलटी करून दाखवणे घ्या. अस्सल इरकलीत पदराचा ताणा अंगाच्या ताण्याशी मागावरच, धाग्यात धागा अडकवून जोडलेला असतो. याला तोपतेनी म्हणतात. अंग आणि पदर जेथे मिळतात तेथे ही जोडणी बोटाला आणि डोळ्याला कळते. बागलकोट जिल्ह्यातील इळकलचे ते कसब आहे, आणि त्या साडीला भौगोलिक मानांकनही आहे. आपण गिऱ्हाइकाचे बोट त्या जोडावरून एकदा फिरवलेत, तर किमतीतील फरक आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

यंत्रमागाच्या साडीला मात्र कमी लेखू नका. शहापूर, वडगाव आणि खासबागच्या घराघरांत त्या मागांवर संसार उभे आहेत. ती साडी यंत्रमागाची म्हणून, तिच्या किमतीला विकणे पूर्ण प्रामाणिक आहे. हातमागाची म्हणून विकणे ही लबाडी आहे, आणि तिचा घाव हातमागाच्या विणकराइतकाच यंत्रमागाच्या विणकरालाही बसतो, कारण त्याच्या मालाचे नाव लपवले जाते. रेशीम म्हणून विकत असाल तर सिल्क मार्कचे लेबल दाखवा. नसेल, तर कडेचा एक धागा जाळून दाखवा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गाठ होते.

एक गोष्ट मात्र आपल्या पत्रात नव्हती, ती मी विचारते. कापडाला कात्री लावण्याआधी आपण गिऱ्हाइकाला काय विचारता? आमच्या वर्गातील मुलींना मी ज्या एका दुकानात आवर्जून पाठवीत असे, तेथील वयस्कर मामा कात्री हातात घेऊन थांबत आणि विचारीत : काय शिवणार, कोणासाठी, पन्हा पाहिला का, नक्षी एकाच दिशेची आहे हे लक्षात आले का? छत्तीस इंची पन्ह्यात जे बसत नाही ते चव्वेचाळीस इंचीत कमी कापडात बसते, म्हणून कित्येकदा ते मागितल्यापेक्षा पाव मीटर कमी कापड देत. एकदा एका मुलीने लाल खण मागितला. त्यांनी रुमालाचे टोक ओले करून खणाच्या कडेवर घासले, रुमाल गुलाबी झाला, आणि त्यांनी तो ताका तिच्यासमोरच बाजूला ठेवला. दुसरा खण लाल नव्हता, किरमिजी होता. मुलीने तोच घेतला.

आपल्या दुकानातही कात्रीजवळ एक पांढरा ओला रुमाल ठेवून पाहावा.