फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी स्टेडियमचं नाव का बदलतात?

कारण प्रायोजक पैसे मोजतो ते नुसतं स्वतःचं नाव झळकावं म्हणून नाही, प्रतिस्पर्ध्याचं दिसू नये म्हणूनही. शीतपेय, क्रेडिट कार्ड, कपडे अशा एकेका प्रकारात फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना एकाच कंपनीला हक्क विकते. मग बाकीची नावं झाकणं आलंच. २००६ मध्ये म्युनिकच्या अलियान्झ अरेनाचं नाव स्पर्धेपुरतं 'फिफा वर्ल्ड कप स्टेडियम' झालं, कारण अलियान्झ ही विमा कंपनी अधिकृत प्रायोजक नव्हती. २०१० ला दक्षिण आफ्रिकेत नेदरलँड्स-डेन्मार्क सामन्यातून ३६ तरुणींना बाहेर काढलं. अंगावर बव्हेरिया या डच बिअरचे नारिंगी झगे होते. बारीकशा टॅगपलीकडे नाव कुठेच नव्हतं! (फुकट प्रसिद्धी मिळाली ती बव्हेरियालाच.) ऑलिंपिकमध्ये तर मैदानाभोवती जाहिरातफलकच लागत नाहीत. घड्याळं बनवणाऱ्या ओमेगाचं नाव तेवढं दिसतं, कारण वेळ मोजायची यंत्रणाच त्यांची असते.